निश्चित चांगला

गेल्या महिन्यात शाळेतल्या एका जुन्या सहकारी मॅडमचा फोन आला. त्यांचा निवड श्रेणीचा, म्हणजे वरच्या वेतनश्रेणीचा, प्रस्ताव चाललाय. २४ वर्षांची सेवा झाली, प्रशिक्षण झालं, फाईल तयार आहे. फक्त २०१३-१४ सालच्या गोपनीय अहवालाची प्रत शाळेत सापडत नाही. त्या वर्षी मुख्याध्यापक मी होते. "तुमच्याकडं एखादी झेरॉक्स असली तर बघता का, मॅडम?" इतकंच त्यांचं म्हणणं.

निवृत्तीच्या वेळी टेबल आवरताना काही कागद माझ्या फायलीतून घरी आले होते. साताऱ्यात गोडोलीच्या घरी कपाटावरची ती फाईल खाली काढली आणि दुपारभर कागद चाळत बसले. प्रत सापडली. माझंच अक्षर, निळ्या शाईत. शेवटच्या रकान्यात प्रतवारी: ब+. आणि अभिप्राय: 'टाचण वेळेवर पूर्ण करावे.' टाचण म्हणजे पाठाची आधी लिहून काढायची तयारी.

ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. अ+ म्हणजे अत्युत्कृष्ट, अ म्हणजे उत्कृष्ट, ब+ म्हणजे निश्चित चांगला, ब म्हणजे चांगला. वर्षभर एका माणसानं ४०-५० मुलांसमोर उभं राहून जे काही केलं, ते शेवटी या तीन-चार अक्षरांत बसवायचं. मी ११ वर्षं ते काम केलं. त्या दुपारी 'निश्चित' या शब्दावरच माझी नजर अडकून राहिली. कशावरून निश्चित? त्या वर्षी मी त्यांच्या वर्गात किती वेळा गेले होते? आठवून बघितलं. दोनदा. दोन्ही वेळा दारात उभी राहिले, दहा मिनिटांत माघारी फिरले, कारण ऑफिसात पोषण आहाराच्या नोंदी खोळंबल्या होत्या.

अहवाल लिहायची रीत अशी होती: परीक्षेचे निकाल लागले, निकालपत्रकं झाली, की दोन संध्याकाळी बसायचं आणि सगळ्या स्टाफचे अहवाल उरकायचे. शेजारी टाचणवह्यांचा गठ्ठा, शिक्षकांचा हजेरीपट, दहावीचा विषयवार निकाल, स्पर्धा परीक्षांत किती मुलं बसवली त्याची यादी. या मॅडम आठवीला गणित शिकवायच्या. आठवीचा बोर्डाचा निकाल नसतो. टाचण अपुरं होतं. ब+ लिहून मी पुढचा फॉर्म ओढला. त्याच संध्याकाळी, बहुधा पुढच्याच दहा मिनिटांत, दहावीचं गणित शिकवणाऱ्या सरांना अ+ दिला. त्यांचा निकाल शंभर टक्के होता.

त्या शंभर टक्क्यांबद्दल लिहिलंच पाहिजे, कारण त्यातल्या काही सह्या माझ्या आहेत. आठवीपर्यंत मुलाला मागे ठेवता येत नव्हतं, त्यामुळे सगळा गाळ नववीत साचायचा. 'गाळ' हा शब्द आम्ही स्टाफरूममध्ये सर्रास वापरायचो. आज लिहितानासुद्धा हात अडखळतो. नववीच्या सहामाहीनंतर कच्च्या मुलांच्या पालकांना बोलावून घ्यायचं आणि समजावून सांगायचं, की दहावीला बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरलेला बरा, मुलाचं वर्ष वाचेल. आईबाप बिचारे मान डोलवायचे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मी सही करायची. त्या वर्षी अशी चार मुलं गेली. जी उरली ती सगळी पास झाली. ते सर वाईट शिक्षक नव्हते. सकाळी ७ ला जादा तास घ्यायचे, रविवारीही यायचे, घसा बसला तरी थांबायचे नाहीत. पण शाळेत काय मोजलं जातं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि मोजणारी मी होते.

दोनेक वर्षांनी आठवीच्या मॅडम सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी तीन आठवडे रजेवर गेल्या. बदली शिक्षक मिळेना, म्हणून त्यांचे तास मीच घेतले. माझाही विषय गणितच. पहिल्या दिवशी वह्या गोळा करून घरी आणल्या, मुलं कुठवर आलीत ते बघायला. आणि त्या रात्री माझा स्वयंपाक राहून गेला.

प्रत्येक कच्च्या मुलाच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांनी बारीक अक्षरात नोंदी ठेवल्या होत्या. उदाहरण एकच, ५०२ वजा २७८. एका मुलानं उत्तर लिहिलं होतं ३७६. दुसऱ्यानं २३४. माझ्यासारखीनं दोन्हीवर लाल फुली मारली असती. त्यांनी पहिल्याच्या मागच्या पानावर लिहिलं होतं, 'मोठ्यातून लहान वजा करतो, वरचा-खालचा बघत नाही.' खरंच, पाचातून दोन गेले तीन, सातातून शून्य गेला सात, आठातून दोन गेले सहा. या मुलाला वजाबाकी म्हणजे काय हेच उमगलेलं नव्हतं. दुसऱ्याच्या पानावर, 'हातचा येतो. शून्यावरून घेताना शून्याचे १० धरतो, ९ करत नाही.' त्याला वजाबाकी कळली होती, फक्त शून्याशी येऊन तो थबकायचा. दोघांचं दुखणं वेगळं आणि औषधही वेगळं. पहिल्याला त्यांनी काड्यांचे गठ्ठे मोजायला लावले होते. दुसऱ्याला पाचशेच्या नोटेचे सुट्टे करायला, पाच शंभराच्या, मग एका शंभराच्या दहा दहाच्या, मग त्यातल्या एका दहाची चिल्लर. तारखा होत्या. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. कुणाचं कधी सुटलं, त्याची खूण होती. शाळा सुटल्यावर ही मुलं अर्धा तास का थांबतात, हे मला तेव्हा कळलं. तोवर मला वाटायचं, एसटीची वाट बघतात.

अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली या जातीच्या ज्ञानाकडे लक्ष वेधलं होतं. विषय येणं ही एक गोष्ट, शिकवण्याच्या पद्धती येणं ही दुसरी. पण हा विषय शिकताना मूल नेमकं कुठे अडखळतं आणि तिथून त्याला कसं उठवायचं, हे ज्ञान निराळंच असतं आणि ते शिक्षकाकडेच असतं. एम.एड.ला असताना मी हे पाठ करून लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. प्रत्यक्षात ते समोर आलं तेव्हा मी त्याला ब+ देऊन मोकळी झाले होते. गोपनीय अहवालाच्या कुठल्याच रकान्यात 'मुलांच्या चुका ओळखता येतात का' असा प्रश्न नव्हता. पुढच्या वर्षापासून मी त्यांना अ देत गेले. मागचं मात्र त्यांना कधी बोलले नाही.

बाहेरून येऊन शाळा तपासायची आपली रीत फार जुनी. तपासायला येणाऱ्या डेप्युटी साहेबाला माझे आजोबा 'दिपोटी' म्हणायचे. दिपोटी येणार म्हटलं की शाळा सारवली जायची, हुशार पोरं पुढं बसवली जायची. इंग्लंडात १८६२ साली शाळांचं अनुदान मुलांच्या हजेरीला आणि परीक्षेतल्या निकालाला बांधलं गेलं. निरीक्षक येई, एकेका मुलाचं वाचन, लेखन, गणित तपासी आणि त्यावर पैसे ठरत. मुंबई इलाख्यातल्या खाजगी शाळांनाही एकोणिसाव्या शतकात निकालावर अनुदान मिळे. इंग्लंडात त्याचा परिणाम असा झाला, की मुलं वाचनाचं पुस्तक पाठ करू लागली, पुस्तक उलटं धरलं तरी धडा म्हणता येईल इतकं पाठ. तीसेक वर्षांनी ती पद्धत मोडीत काढावी लागली. माझ्या शाळेतले चार दाखले आठवले की वाटतं, कागदावर मोडीत निघालेलं आमच्यात मुरून राहिलंय.

ज्यांचं मूळ गाव आमच्या खटाव तालुक्यातलं कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर शिक्षण आयोगासमोर जे निवेदन दिलं, त्यात शिक्षकांबद्दलचं मागणं साधं होतं. प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत, शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, म्हणजे ते लोकांत मिसळतील; पगार १२ रुपयांपेक्षा कमी नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० असावा. शिक्षक कुठून आला, तो मुलांना आपला वाटतो का आणि त्याचं घर चालतं का, इथून त्यांनी सुरुवात केली होती. आणि आज काय? प्राथमिकच्या शिक्षणसेवकाला पहिली तीन वर्षं महिना १६ हजार मानधन, तेही २०२३ साली वाढवल्यानंतर. शिक्षक घडतो तो याच तीन वर्षांत, आणि त्याच वर्षांत तो साताऱ्यात भाड्याची खोली परवडते का याची गणितं मांडत असतो.

दर ७ नोव्हेंबरला आम्ही शाळेत विद्यार्थी दिवस साजरा करायचो. १९०० साली त्याच तारखेला साताऱ्याच्या हायस्कुलात, आताच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. मुलांना ती नोंद सांगताना मला नेहमी दुसरी गोष्ट आठवते. साताऱ्यातल्या शाळेच्या दिवसांबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहिलंय: वर्गात कोपऱ्यात वेगळं बसायचं, बसायला वेगळं गोणपाट, संध्याकाळी ते घरी न्यायचं आणि सकाळी परत आणायचं, आणि तहान लागली तर शिपाई असेल तरच पाणी. त्या दिवसांत कुणी साहेब तपासणीला आला असता तर हजेरीपटावर त्याला काय दिसलं असतं? हजर. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन बसल्याशिवाय गोणपाट दिसत नाही.

मागच्या कोपऱ्यात जाऊन बसणं हे आमच्या कुठल्याच नियमात नाही. २०१७ साली वरिष्ठ आणि निवड श्रेणीला अट घातली गेली, की 'शाळा सिद्धी' या शाळांच्या मूल्यमापनात 'अ' श्रेणी हवी आणि माध्यमिकसाठी नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर हवा. म्हणजे १२ वर्षं राबलेल्या माणसाची वेतनश्रेणी कच्च्या मुलांवर टांगली. शिक्षक संघटनांनी विरोध केला, पुढे ती अट निघाली. पण त्या काळात स्टाफरूममध्ये मी काय ऐकलं ते विसरणार नाही. पूर्वी नववी 'ड'चा, म्हणजे कच्च्या मुलांच्या तुकडीचा, तास कुणाला द्यायचा याची कुरकुर असायची. त्या वर्षी भांडणं झाली.

पैशानं काहीच होत नाही असं मात्र मी म्हणणार नाही, ते खोटं ठरेल. आंध्र प्रदेशात ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांवर कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी मोठा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०११ साली आले. शिक्षकांना मुलांच्या प्रगतीवर बोनस दिला, तो सरासरी वर्षाच्या पगाराच्या तीनेक टक्के. दोन वर्षांनी त्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेतही पुढे होती, आणि ज्या विषयांना बोनस नव्हता त्यांतही. मी ते वाचलं तेव्हा माझं मत थोडं हललं. पण नीट बघितलं तर तिथे बक्षीस निकालाला नव्हतं, वाढीला होतं. मूल जूनमध्ये कुठं होतं आणि वर्षअखेर कुठं पोचलं, हे मोजलं होतं. आमच्या शंभर टक्क्यांत जूनचा पत्ताच नव्हता. तो असता, तर ५०२ मधून २७८ वजा करायला शिकलेली आठवीतली पोरं त्या मॅडमच्या खात्यावर जमा झाली असती.

माझे धाकटे दीर पाटण तालुक्यात, कोयनेच्या वरच्या अंगाला, दोन शिक्षकी शाळेवर आहेत. वय पन्नास, जिल्हा परिषदेत २७ वर्षं झाली. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: ज्यांची नोकरी पाच वर्षांहून जास्त उरलीय त्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हावं लागेल. तेव्हापासून भाऊजी लेकीच्या टेबलावर बसून अभ्यास करतात. १५० प्रश्न, १५० मार्क, अडीच तास. परीक्षा असावी की नसावी या वादात मी पडत नाही. शिक्षकाला विषय आलाच पाहिजे, आणि विषय न येणारे मी पाहिले आहेत. एकदा रात्री त्यांचा फोन आला. बालमानसशास्त्राच्या सरावातला प्रश्न होता, वर्गात सतत मागे पडणाऱ्या मुलासाठी शिक्षकानं सर्वप्रथम काय करावं, आणि खाली चार पर्याय. "वहिनी, चारही बरोबर आहेत ओ," ते म्हणाले, "पोरगं कोण ते सांगा म्हणावं आधी." मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही दुसरा पर्याय लिहा." पण फोन ठेवल्यावर बराच वेळ मला झोप आली नाही. २७ वर्षांत त्यांना पोरगं कोण ते विचारायला त्या डोंगरावर किती जण चढून गेले असतील?

सगळीकडे असंच आहे असंही नाही. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, आम्ही स्टाफ घेऊन गेलो होतो. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये ज्ञानरचनावादाचं, म्हणजे मुलानं करून बघत स्वतः शिकायचं, काम उभं केलं आणि राज्यभरातून शिक्षक ते बघायला येऊ लागले. फरशीवर आखलेल्या चौकटी, काड्यांचे दशक, गोल करून बसलेली पोरं. माझं लक्ष मुलांकडे कमी आणि शिक्षकांकडे जास्त होतं. एक बाई पहिलीच्या मुलांना शिकवत होत्या आणि दुसऱ्या जिल्ह्यातून आलेले पंधरा-वीस शिक्षक भिंतीला टेकून वही-पेन घेऊन बसले होते. मधल्या सुट्टीत त्यांच्याभोवती गराडा पडला. "जोडाक्षरं कधी घेता?" "एखादं बोलतच नसेल तर?" बाई उत्तरं देत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते कुठल्याही शाल-श्रीफळाच्या फोटोत मी पाहिलेलं नाही. आपल्या कामातल्या माणसानं आपलं काम बघायला यावं, शिकून जावं. शिक्षकाला याहून मोठं बक्षीस मला माहीत नाही.

पुरस्कारांचं सांगायचं तर मला त्यातला 'प्रस्ताव' खटकतो. पूर्वी जिल्हा आदर्श शिक्षक पुरस्काराबरोबर जादा वेतनवाढही मिळायची. राष्ट्रीय पुरस्काराला २०१८ पासून शिक्षकानं स्वतःच अर्ज करायचा असतो. त्यामुळे वशिला कमी झाला असेल, ते चांगलंच. पण एका गुणी माणसाला दिवाळीच्या सुट्टीत स्वतःच्या कौतुकाची कात्रणं चिकटवत बसलेलं मी पाहिलंय. शोधायचं काम ज्यांचं, त्यांनी शोधावं.

आणि दुसरी बाजूही लिहिते. न शिकवणारे शिक्षक असतात. एक गृहस्थ वर्गात पुस्तक वाचायला लावून मोबाईल बघत बसत. मला माहीत होतं, मुलांना माहीत होतं, गावाला माहीत होतं. मी त्यांना ब देत राहिले, कारण प्रतिकूल शेरा लिहिला की तो लेखी कळवायचा, त्यांचं म्हणणं घ्यायचं, मग संघटना, मग संस्था, मग सुनावणी, आणि माझ्याजवळ त्यांच्या तासाची एकही लेखी नोंद नाही. मी वर्गात बसलेच नव्हते तर नोंद कुठून येणार? चांगल्याला चांगलं म्हणायला जो पुरावा लागतो, तोच वाईटाला वाईट म्हणायलाही लागतो.

म्हणून मला वाटतं, वर्षातून तीन-चार वेळा पूर्ण तास, त्याच विषयाच्या दुसऱ्या शाळेतल्या जाणत्या शिक्षकानं मागं बसावं. साहेबानं नव्हे. पाच कच्च्या मुलांच्या वह्या जूनमध्ये बघाव्यात, त्याच पाच मुलांच्या फेब्रुवारीत. जे बघितलं ते शिक्षकाशी बोलून मग लिहावं. अशा जाणत्यांना आठवड्याचे काही तास मोकळे द्यावेत, तोच त्यांचा मान. जादा पैसा द्यायचा तर नववी 'ड' घेणाऱ्याला द्या, पावसाळ्यात पाटणच्या डोंगरावर राहणाऱ्याला द्या, माणच्या माळावरून बदली न मागणाऱ्याला द्या. खर्च लागेल, माणसं लागतील. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९३५ साली साताऱ्यात ग्रामीण शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढलं तेव्हा त्यांच्या रयत शिक्षण संस्थेजवळ काय पैसा होता? आधी मास्तर घडवायचा, हे त्यांना लख्ख दिसत होतं.

माझ्या मागच्या बाकावर एकदाच कुणी बसलं होतं. १९८८ साल, नोकरीचं पहिलं वर्ष. निवृत्तीला आलेल्या एक बाई न सांगता येऊन बसल्या. मी त्रिकोणाची एकरूपता शिकवत होते, फळा भरून टाकला, छान झालं असं मलाच वाटत होतं. तास संपल्यावर बाई व्हरांड्यात म्हणाल्या, "अगं, तिसऱ्या बाकावरच्या त्या मुलीनं आकृती उलटी काढली होती, तुझ्याकडं वही धरून बसली होती बिचारी. बघितलंस का?" मी बघितलं नव्हतं. पुढची ३५ वर्षं मी तिसऱ्या बाकाकडे बघत शिकवलं, आणि खुर्चीत बसल्यावर मात्र कुणाच्या मागं जाऊन बसले नाही.

अहवालाची प्रत सापडल्याचं सांगायला मी मॅडमना फोन केला. उद्या गाडीवरून येऊन घेऊन जाते म्हणाल्या. मी म्हटलं, "त्यावर ब+ आहे. माझ्या हातचा." क्षणभर थांबून त्या म्हणाल्या, "चालतं की मॅडम. प्रस्तावाला पुरे होतं." मग मी ते बोलले, जे इतकी वर्षं बोलायचं राहिलं होतं. वह्यांचं, मागच्या पानांचं, स्वयंपाक राहिलेल्या रात्रीचं. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला.

"तो २३४ वाला का?" त्यांनी विचारलं, आणि त्या मुलाचं नाव घेतलं, वडलांच्या नावासकट. "शून्यापाशी अडायचा. दसऱ्यानंतर सुटलं त्याचं."